केर

विट्यात, मायणी रस्त्याच्या आतल्या दुसऱ्या गल्लीत
हिंदुराव आण्णांचं घर.
फोनवर म्हणाले, "कॉम्प्युटर म्हातारा झालाय माझ्यावानी,
पर मी निदान हाक मारली की उठतो."

सव्वानऊला बटण दाबलं.
पडदा निळा होईतो एक एसटी
दोनदा हॉर्न देऊन भिवघाटाकडं निघून गेली.
मग एकावर एक खिडक्या:
अभिनंदन, आपण दहा लाखावे पाहुणे.
तुमच्या संगणकात एकशे सत्तावीस विषाणू,
बरे करण्यासाठी इथे दाबा.
"दाबतोय की," आण्णा म्हणाले,
"रोज दाबतोय. बरं काय होईना."

पेटी उघडली.
पंख्याला धुळीची लोकर,
रॅमच्या पट्टीवर पालीच्या अंड्याचं टरफल.
ब्रश फिरवला तर आण्णांनी खाली पेपर पसरला
आणि पडलं तेवढं घडीत गोळा केलं.
मला वाटलं, माणूस टापटिपीचा.

एफ-आठ. सेफ मोड. तपासणी सुरू.
तासाभरात चार टक्के.
आण्णा खुर्ची ओढून बसले,
भट्टीपुढं बसावं तसे, हात गुडघ्यांवर.
अडतीस वर्षं कोईमतूरला गलाई.
"सराफाच्या दुकानातला केर इकत घ्यायचो आम्ही.
पायपुसण्यासकट.
जाळायचा, धुवायचा, तेजाबात टाकायचा, मग मुशीत.
लोकांच्या पायाखालनं
दोन पोरींची लग्नं काढली मी."

एक्केचाळीस टक्क्यांवर लाइट गेली.
यूपीएस करडासारखा चार वेळा ओरडला
आणि मान टाकली.
आली तेव्हा पुन्हा शून्य.

मी म्हणालो, "आण्णा, फॉरमॅट मारू. सगळं पुसून नवं."
"आत काय हाय का बघ आधी."
"काही नाही. नुसते शॉर्टकट उरलेत.
दाबला की तोच विषाणू उठतो."
"केरात काय न्हाई असं सराफच म्हणतो," आण्णा म्हणाले.

म्हणून काळी खिडकी उघडली,
लपलेलं वर आणायची ती एक ओळ
सांगलीत शिकताना पाठ केलेली,
टाइप केली. एंटर.

एक फोल्डर वर आलं. एमएससीआयटी रत्नमाला.
आत पत्र एक, पत्र दोन, पत्र तीन,
सरकत सरकत पत्र एकशे एक्केचाळीस.
पहिलं दोन हजार नऊच्या श्रावणातलं.
शेवटच्याची तारीख बघून आण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"त्याच म्हैन्यात मी परत आलो," ते म्हणाले.
मग हळू, "कुणाला लिवलंय?"

माझा हात माउसवर.
स्वयंपाकघरातला स्टोव्ह गप झाला.
रत्नमालाकाकू दारात, कोपरापर्यंत पीठ.
"ते माझं टायपिंग हाय. उघडायचं न्हाई."

विषाणू काढायला शिकलोय मी.
याचं कुणी शिकवलं नव्हतं.
आण्णांकडं बघितलं.
ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते,
गेल्या महिन्याचं पान अजून तसंच.

खिशातला कोरा पेन ड्राइव्ह काढला,
पत्रं तेवढी घेतली, तीनदा तपासली, निर्मळ निघाली.
काकूंच्या हातात दिला.
मेथीच्या डब्यात त्यांनी तो खोल खुपसला
आणि झाकण लावलं.

मग फॉरमॅट.
पाच वाजता यंत्र चाळीस सेकंदांत उठलं.
पडद्यावर नुसती हिरवी टेकडी,
कुणी अभिनंदन करेना.
आण्णांनी काहीच दाबलं नाही.

साडेतीनशे रुपये मोजून देताना,
आतल्या भांड्यांच्या आवाजाखाली,
विचारलं, "किती असंल रं समदं मिळून?"
"तीन एमबीसुद्धा नाही," मी म्हणालो,
"एका गाण्याहून कमी."
"वजन न्हाई इचारलं."

उंबऱ्याशी चपला घालताना दिसली
ती पेपरची घडी,
धुळीसकट, कोनाड्यात जपून ठेवलेली.